चाळीतला कांदा, बँकेपुढची रांग आणि मॉडेल नावाची भानगड

प्रश्न विचारणारा मुलगा नाशिकचाच आहे, एमए अर्थशास्त्र करतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "वर्गात मॉडेलं शिकवतात, पण गृहीतकं सगळी हवेतली असतात. सरकारी धोरण, पाण्याची भांडणं, बाजार, बँका असल्या खऱ्या गोष्टींना ही मॉडेलं कुणी लावतं का, की फक्त पेपरात आकृती काढायला? आणि लावायची तर सुरुवात कुठून करायची?"

लावतात रे. मी लावलीत, आणि एकदा चांगला तोंडावर पडलोय, तेही सांगतो खाली. आधी माझं सांगतो म्हणजे कुठून बोलतोय ते कळेल. अठरा वर्षं सहकारी बँकेत काढली, आधी कर्ज विभाग, मग गुंतवणूक आणि जोखीम, आणि नोकरी सोडल्यापासून शेतकरी उत्पादक कंपन्यांना माल कधी विकायचा, किती ठेवायचा, कर्ज किती उचलायचं याचं गणित मांडून देतो. प्राध्यापक नाहीये, त्यामुळे सिद्धतेत चूक निघाली तर तुमच्या सरांचं खरं धर.

थेट कांद्यावर येऊ, कारण नाशिकमध्ये बसून मॉडेल शिकायचं आणि कांदा सोडायचा म्हणजे कुंभमेळ्याला येऊन अंघोळ न करता जायचं.

पुस्तकात तुला कोळ्याच्या जाळ्याचं मॉडेल शिकवलं असेल. यंदा भाव चढले की शेतकरी पुढच्या वेळी लागवड वाढवतो, माल जास्त येतो, भाव पडतात, मग लागवड कमी, परत भाव चढतात, असं गोल गोल. काल्डोरने १९३४ ला त्याला हे नाव दिलं आणि १९३८ ला इझिकिएलने ते नीट मांडलं. ऐकायला एकदम आपलंच वाटतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कांदा कडाडला की डिसेंबरात उळ्याचे (कांद्याच्या रोपांचे) भाव बघ, लोक दुप्पट पैसे देऊन रोप उचलतात. पण या मॉडेलमध्ये शेतकरी दर वर्षी तीच चूक करतो, जन्मभर शिकतच नाही. १९६१ मध्ये जॉन म्यूथने नेमकं यावरच बोट ठेवलं, की माणूस फक्त गेल्या वर्षीचा भाव बघून थांबत नाही, हाताशी असलेली सगळी माहिती घेऊन पुढचा अंदाज बांधतो. निफाड-चांदवडकडच्या कुठल्याही पारावर बसून बघ, मध्य प्रदेशात लागवड किती झाली, राजस्थानचा माल कधी निघणार, बांगलादेशची बॉर्डर चालू आहे का, सगळं तोंडपाठ असतं. मला तर वाटतं म्यूथ आधी पिंपळगावला येऊन गेला असता तर पेपर अजून लवकर झाला असता.

आता खरा निर्णय बघू, चाळीचा (कांदा साठवायची हवेशीर शेड). उन्हाळ कांदा मार्च-एप्रिल-मेमध्ये निघतो, चाळीत भरला तर पाच-सहा महिने टिकतो. समज एकाकडे १०० क्विंटल आहे आणि एप्रिलात भाव १,२०० रुपये. (आकडे मी सोयीसाठी धरलेत, पद्धत बघ.) आत्ता विकला तर १,२०,००० हातात. सप्टेंबरपर्यंत ठेवला तर वजन घटतं, सडतो, कोंब येतात, धर ३० टक्के घट, उरला ७० क्विंटल. महिन्याला एक टक्का व्याज धरलं तर पाच महिन्यांचे ६,००० आणि निवडाई, मजुरी मिळून ४,०००. म्हणजे ठेवणं परवडायला त्या ७० क्विंटलचे १,३०,००० तरी व्हायला पाहिजेत, क्विंटलमागे १,८५७ च्या आसपास. इथपर्यंत शेतकरी मनातल्या मनात करतो, तुझी-माझी गरज नाही त्याला.

पुढं गंमत आहे. सप्टेंबरात दोनच शक्यता धर, सरकारने निर्यातीला हात लावला नाही तर २,५००, लावला तर १,३००. हात लावायची शक्यता ४० टक्के असेल तर सरासरी अपेक्षित भाव येतो २,०२०, म्हणजे ठेवणं परवडतं. तीच शक्यता ६० टक्के झाली तर १,७८०, म्हणजे नाही परवडत, एप्रिलातच विकून मोकळा हो. मधली रेघ साधारण ५४ टक्क्यांवर आहे. आणि हे झालं निव्वळ सरासरीचं, ज्याच्या डोक्यावर गावच्या सोसायटीच्या कर्जाचा हप्ता आहे तो ३० टक्क्यांवरच विकतो, कारण वाईट बाजू पडली तर त्याचे ३९,००० जातात आणि ते त्याला झेपत नाहीत.

आता एक शेतकरी सोडून सगळा जिल्हा डोळ्यापुढं आण. बंदी येणार असं सगळ्यांना वाटायला लागलं की एप्रिल-मेमध्ये आवक तुंबते, ट्रॅक्टर-पिकअपच्या रांगा, भाव पडतो. चाळी अर्ध्या रिकाम्या राहतात. सप्टेंबरात शहरात माल कमी पडतो, भाव २,५०० च्या जागी ३,५०० होतो, टीव्हीवर गृहिणींच्या मुलाखती सुरू, आणि सरकारचा हात आपोआप निर्यातबंदीकडे जातो. म्हणजे बंदीची भीतीच बंदी ओढून आणते. (हां, चाळी रिकाम्या असल्या की जो ठेवतो त्याला जास्त भाव मिळायची आशा पण वाढते, त्यामुळे सगळेच विकून टाकत नाहीत, मध्ये कुठंतरी तोल येतो. पण तो तोल आधीपेक्षा कमी साठ्यावर येतो, मुद्दा तो.) हे मला मॉडेल मांडल्याशिवाय कधीच दिसलं नसतं. मी पण आधी सगळ्यांसारखं "सरकार शेतकरीविरोधी" नाहीतर "व्यापाऱ्यांची साठेबाजी" एवढ्यावरच थांबायचो.

याला अर्थशास्त्रात नाव आहे, टाइम इनकन्सिस्टन्सी, म्हणजे आज दिलेला शब्द उद्या पाळावासा न वाटणं. किडलँड आणि प्रेस्कॉटचा १९७७ चा पेपर, त्यावर २००४ चं नोबेल. सरकारने एप्रिलात कितीही मनापासून सांगितलं की बंदी घालणार नाही, तरी सप्टेंबरात तो शब्द मोडण्यात त्याचा फायदा असतो, आणि हे शेतकऱ्याला एप्रिलातच माहीत असतं. म्हणून शब्दाला किंमत उरत नाही. इथं वाईट कुणीच नाही, दोघंही आपापल्या जागी बरोबर वागतायत आणि निकाल दोघांनाही नको असलेला लागतोय.

आता माझी फजिती. २०२३ च्या उन्हाळ्यात एका उत्पादक कंपनीला मी सल्ला दिला की निम्मा माल नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत ठेवा. माझ्या शीटमध्ये मागच्या पंधरा वर्षांची आवक, भाव, पाऊस, सगळं होतं, ग्राफ बघून मीच खूश. १९ ऑगस्टला केंद्राने ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, जिल्ह्यात लिलाव बंद पडले, सरकारने २,४१० रुपये क्विंटलने खरेदी जाहीर केली, सप्टेंबरात व्यापाऱ्यांनी परत लिलाव बंद ठेवले. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याच्या खालच्या भावानं माल बाहेर पाठवायचाच नाही. भाव तरी वर जात होते म्हणून मी म्हणलं थांबा अजून. ८ डिसेंबरपासून सरळ निर्यातबंदी, आणि पंधरवड्यात भाव निम्म्याच्या आसपास. कंपनीच्या मीटिंगला मी गेलो तर चहा पण कुणी विचारला नाही.

चूक काय झाली होती? मी सरकारला पावसासारखं धरलं होतं. येईल नाहीतर येणार नाही, आपल्या हातात नाही, म्हणून मॉडेलच्या बाहेर. पण पाऊस कांद्याचा भाव बघून पडत नाही, सरकार मात्र भाव बघूनच निर्णय घेतं, आणि समोर निवडणूक असली की जास्तच (१९९८ ला दिल्लीत कांद्यानं सरकार घालवलं असं आजही म्हणतात, ते कुठलाच पक्ष विसरलेला नाही). म्हणजे भाव जितका चढणार तितकी बंदीची शक्यता पण चढणार, आणि मी ती शक्यता सगळ्या भावांना सारखीच धरून बसलो होतो. वरच्या बाजूला मिळणारा नफा सरकार कापणार हे मॉडेलच्या आत असतं तर "निम्मा ठेवा" ऐवजी "दर पंधरा दिवसांनी थोडा थोडा काढा" असं उत्तर आलं असतं. आता माझ्या शीटमध्ये सरकार हा एक खेळाडू असतो, त्याचं स्वतःचं गणित असतं. नंतर काय झालं तेही बघ, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण ४० टक्के शुल्क आणि ५५० डॉलरची अट राहिली, सप्टेंबरात अट काढून शुल्क २० टक्के केलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. शुल्क शून्य झालं म्हणून एप्रिलात शेतकऱ्याचा विश्वास परत आला का? नाही आला, कारण परत केव्हाही लागू शकतं हे त्याने पाहिलंय. ल्युकसने १९७६ ला केलेली टीका वाचली असशील, जुन्या आकड्यांवरनं काढलेलं नातं नियम बदलला की मोडतं, कारण माणसं नियम बघून वागतात. वाचताना फार जड वाटते, एकदा चाळ भरली की सोपी होते.

बँकेचं सांगतो. गणित तेच आहे, फक्त कांद्याच्या जागी ठेवी.

लोक बँकेतनं पैसे काढायला एकदम का पळतात, याचं डायमंड आणि डिबविग या अर्थशास्त्रज्ञांचं १९८३ चं मॉडेल आहे, २०२२ चं नोबेल या दोघांना बर्नान्कीबरोबर मिळालं. अगदी छोटं करून मांडतो. १०० ठेवीदार, प्रत्येकाचे एक लाख. बँकेने २० लाख रोख ठेवले, ८० लाख कर्जात दिले. नेहमीच्या दिवसात २० जणांनाच पैसे लागतात, सगळं छान. पण घाईघाईत कर्ज वसूल करायला गेलं तर समज निम्मेच हातात येतात, ४० लाख. म्हणजे सगळे एकदम आले तर ६० जणांना मिळणार, ४० जण उपाशी. मग बाकीचे पळतायत असं मला वाटलं तर मी पळणंच शहाणपणाचं. बँक चांगली असली तरी. एकाच बँकेचे दोन शेवट, कुठला येणार ते फक्त लोकांना एकमेकांबद्दल काय वाटतं त्यावर.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी, एका शाखेत, नाव नको, बँक आजही चालू आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी फिरवलं की बँक बुडतेय, आणि सकाळी दहाच्या आत रांग बाहेर रस्त्यावर, त्यात चपला ठेवून नंबर लावलेले. मी बाहेर जाऊन लोकांशी बोलत होतो, ताळेबंद दाखवत होतो. रांगेतले एक रिटायर्ड मास्तर शांतपणे म्हणाले, "अहो, बँक चांगली आहे हे मला माहितीये. पण या बाकीच्यांना माहिती नाहीये ना." त्या एका वाक्यात अख्खा पेपर आहे. मग आमच्या मॅनेजरने जुनी युक्ती केली, करन्सी चेस्टवरनं (बँकांना नोटा पुरवणारं कोठार) जास्तीची कॅश मागवली आणि काउंटरच्या मागं टेबलावर बंडलं दिसतील अशी रचली, कुणालाही एफडी मोडू नका म्हणून अडवायचं नाही असं सगळ्या स्टाफला सांगितलं. दुपारी तीनपर्यंत रांग अर्धी झाली, दुसऱ्या दिवशी तिघा-चौघांनी तर पैसे परत आणून भरले. ताळेबंदाने जे झालं नाही ते बंडलांनी केलं, कारण बंडलं सगळ्यांना एकदम दिसत होती आणि सगळ्यांना दिसतायत हे पण सगळ्यांना दिसत होतं.

धोरण म्हणून यातून काय निघतं? ठेव विमा. पण इथं बारीक बघ. आपल्याकडं १९९३ पासून एक लाखाचा विमा होता, तरी लोक पळायचेच. का? कारण बँकेवर निर्बंध लागले, आपल्या भाषेत "३५ अ लागलं", की विम्याचे पैसे परवाना रद्द होईपर्यंत मिळायचे नाहीत आणि त्याला वर्षानुवर्षं लागायची. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीची मर्यादा होती सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये, ती टप्प्याटप्प्याने वाढत जून २०२० मध्ये एक लाखावर गेली. ज्याच्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे त्याला पाच वर्षांनी मिळणारा एक लाख म्हणजे शून्यच. फेब्रुवारी २०२० मध्ये विमा पाच लाख केला, त्याचे पेपरात मथळे आले. पण मला विचारशील तर खरा बदल २०२१ च्या दुरुस्तीचा, निर्बंध लागले तरी ९० दिवसांच्या आत विम्याएवढी रक्कम द्यायची. रक्कम वाढवण्यापेक्षा तारीख नक्की करणं जास्त कामाचं, हे मॉडेलमधनं सरळ बाहेर पडतं, कारण पळायचं की नाही हा प्रश्न "किती" चा जेवढा आहे त्यापेक्षा जास्त "कधी" चा आहे.

आणि हे मॉडेल कुठं लंगडं पडतं तेही सांगतो. यात बँक मुळात चांगली धरलीय. आपल्या सहकारी बँका बुडाल्या त्यात बऱ्याचदा कर्जंच बोगस निघाली, संचालकांच्या गोतावळ्यात वाटलेली, तिथं रांग हा रोग नसून ताप असतो. रोकड नाही म्हणून अडलेली बँक आणि खरंच खड्ड्यात गेलेली बँक बाहेरनं सारख्याच दिसतात. कुठलं मॉडेल लावायचं हे मॉडेल सांगत नाही, ते कर्जाच्या फायली उघडूनच कळतं, आणि त्या कामात अठरा वर्षं गेली माझी.

भांडणांचं विचारलंस. युद्धं, दंगली यावर आता अर्थशास्त्रात भरपूर काम आहे. उदाहरणार्थ मिगेल, सत्यनाथ आणि सर्जेंटी यांनी २००४ मध्ये आफ्रिकेतल्या ४१ देशांचा डेटा घेऊन दाखवलं की पाऊस कमी झाला, उत्पन्न घसरलं की यादवीची शक्यता वाढते. गरिबीमुळं भांडण की भांडणामुळं गरिबी हा गुंता सोडवायला त्यांनी पाऊस वापरला, कारण भांडण झालं म्हणून पाऊस थांबत नाही. आणि फिअरनचा १९९५ चा पेपर जरूर वाच. त्याचा प्रश्न साधा आहे, लढण्यात दोघांचंही नुकसान होतं तर आधीच तडजोड का करत नाहीत? उत्तरात मुख्य दोन गोष्टी, एकतर समोरच्याकडं किती दम आहे ते खरं कळत नाही, नाहीतर आज दिलेला शब्द तो उद्या पाळेल याची खात्री नसते. परत शब्दच.

आपल्या दारातलं भांडण म्हणजे जायकवाडी. दर तुटीच्या वर्षी ऑक्टोबर आला की नाशिक-नगर एकीकडं, मराठवाडा दुसरीकडं. २००५ च्या कायद्यात समन्यायी वाटपाची तरतूद आहे, त्यावर मेंढेगिरी समितीचं सूत्र आलं, १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. २०२३ ला ८.६ टीएमसीचा आदेश निघाला होता. आपल्याकडं या सूत्राला शिव्या घालायची पद्धत आहे आणि मी पण गंगापूर रोडला राहतो, उन्हाळ्यात टँकर मला पण दिसतो, पण मॉडेलच्या चष्म्यातून बघ. सूत्र नसताना दर वर्षी शून्यापासून कुस्ती. सूत्र आल्यावर भांडण उरलं आकड्यावर, वाटेत किती जिरतं, किती चोरीला जातं, यावर. पाणी सोडलं की नदीकाठच्या मोटारींची वीज तोडतात, बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात, हे सगळं "शब्द पाळला जाईल" याची व्यवस्था आहे. पण मॉडेल लगेच पुढचा प्रश्न विचारायला लावतं, १५ ऑक्टोबरला धरणातलं पाणी मोजणार हे ठरलं की वरचा माणूस काय करेल? पाणी जिथं मोजत नाहीत तिथं न्यायचा मोह होणार, शेततळ्यात, विहिरीत. खरंच तसं होतं का हे डेटा घेऊन तपासण्यासारखं आहे, प्रोजेक्टला विषय नसेल तर हा घे.

आणि उलटं उदाहरणही जिल्ह्यातच आहे. बागलाणात मोसम, आरमच्या काठची फड पद्धत, काहीशे वर्षं जुनी. पाण्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक, आणि बहुतेकांची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत. पाणी कमी पडलं की एक फड सोडून द्यायचा. म्हणजे झळ वरच्यालाही बसते, खालच्यालाही. पाटकरी नेमलेला, त्याला गाव पोसणार. एलिनॉर ऑस्ट्रॉमला २००९ ला नोबेल मिळालं ते जगभरातल्या असल्याच व्यवस्थांच्या अभ्यासावर. शब्द मोडण्यात फायदाच राहणार नाही अशी रचना जुन्या लोकांनी जमिनीच्या तुकड्यांतच करून ठेवली होती.

बाजारातल्या माहितीच्या घोळाबद्दल एकच सांगतो. अकेरलॉफचं १९७० चं खराब मालाचं मॉडेल, आणि आपली द्राक्षं. २०१० ला सीसीसी या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळं युरोपात कंटेनर अडकले, तेव्हा चांगल्या मालवाल्यालाही फटका बसला, कारण घेणाऱ्याला फरक कळत नव्हता. प्लॉटनिहाय नोंदणी आणि लॅबचा रिपोर्ट हा कागद नसून भाव आहे, हे तेव्हा बागायतदारांना नीट कळलं.

सुरुवात कुठून करायची? मोठं सॉफ्टवेअर शिकण्यात पहिलं वर्ष घालवू नकोस, एक्सेल पुरतं. दोन खेळाडू घे, दोन निर्णय घे, आणि प्रत्येकाला दुसऱ्याबद्दल काय वाटतं ते एका कॉलममध्ये लिही. मग बाजार समितीचा डेटा घे, पण जपून. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव छापतात, शेतकऱ्याच्या हातात पडतो तो चौथाच. पावती बघितल्याशिवाय कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. आणि सुट्ट्या तपास. माझ्या पहिल्या शीटमध्ये साधारण महिन्याला एकदा आवक शून्यावर यायची आणि आजूबाजूला उसळायची, मी आठवडाभर डोकं खाजवलं, काय काय थिअऱ्या लावल्या, शेवटी एका हमालाने सांगितलं, "साहेब, अमावस्येला लिलाव नसतो." ती जुनी पद्धत अलीकडं मोडली म्हणून आता ते दिसत नाही, पण मागचा डेटा घेशील तर दिसेल. माझी फाइल पाठवतो, अमावस्यांचा कॉलम त्यात आधीच टाकलेला आहे.